मिरची पातेल्यात नाही, पानात डावीकडे

बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची, ढोबळी मिरची यातलं मी काही खात नाही असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग खातेस तरी काय?" आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण आपल्याकडे सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या पिठल्यापर्यंत यातलं एकतरी असतंच, आणि मिरची तर सगळीकडेच. मी गेली काही वर्षं असं खातेय, घरातले बाकीचे नेहमीसारखं खातात, आणि तरी आमच्याकडे दोन वेगळे स्वयंपाक होत नाहीत. ते कसं जमतं हे फोनवर सांगताना दरवेळी तासभर जातो आणि तरी निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी सोडलेल्या या सगळ्यांना मिळून नाईटशेड म्हणतात, तर आधी ते म्हणजे काय ते. सोलॅनेसी नावाचं वनस्पतींचं एक मोठं कुळ आहे, त्याला नाईटशेड फॅमिली म्हणतात. तंबाखू आणि धोतरा याच कुळातले, आणि आपल्या स्वयंपाकघरातले बटाटा, टोमॅटो, वांगं, सगळ्या प्रकारच्या मिरच्या हेही याच कुळातले. त्याशिवाय रसभरी, म्हणजे ती कागदासारख्या आवरणात येणारी पिवळी फळं, सुपरफूड म्हणून विकतात ती गोजी बेरी, रानातली रिंगणी, डोरली, आणि अश्वगंधा. हो, अश्वगंधासुद्धा, त्याच्याबद्दल पुढे बोलते. आता यात नसलेल्या गोष्टीही सांगते कारण लोक तिथेच गोंधळतात: काळी मिरी यात नाही, तिचं कुळच वेगळं, नागवेलीच्या पानाचं. रताळं यात नाही. सुरण, अळू, अरवी, कोनफळ, साबुदाणा, काही यात नाही. इंग्रजीत मिरीलाही पेपर आणि मिरचीलाही पेपर म्हणतात त्यामुळे परदेशी रेसिप्या वाचताना नीट बघायला लागतं एवढंच.

मला आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, कपाची दांडी धरता येत नाही, तास दीड तासाने हात हळूहळू माझे होतात. औषधं चालू आहेत, ती चालूच राहणार आहेत, आणि इथे अगदी स्पष्ट लिहिते की हे खाण्याचं प्रकरण औषधाच्या ऐवजी नाही. माझ्या डॉक्टरांना मी आधी विचारलं, ते म्हणाले करून बघायला हरकत नाही, पण गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या बंद करायच्या नाहीत आणि जेवण कमी करायचं नाही. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं म्हणून मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध, सोडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचे सांधे नंतर काय झाले तेही पाहिलंय, त्यामुळे या बाबतीत मला अजिबात तडजोड मान्य नाही.

पुरावा किती आहे? भक्कम नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत नॉर्मन चाइल्डर्स नावाच्या बागायतीशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांधेदुखी आणि ह्या भाज्या यांचा संबंध जोडला, पण त्यांचं म्हणणं मुख्यतः लोकांनी स्वतः कळवलेल्या अनुभवांवर उभं होतं, अर्ध्या लोकांना खायला देऊन आणि अर्ध्यांना न देऊन केलेली तशी काटेकोर चाचणी ती नव्हती. आता जो ऑटोइम्यून प्रोटोकॉल नावाचा डाएट नेटवर फिरतो त्यातही नाईटशेड काढतात, पण त्यात गहू, दूध, डाळी, अंडी सगळंच काढतात, मग बरं वाटलं तर कशामुळे वाटलं हे कसं कळणार. म्हणजे सगळ्यांनी हे सोडावं असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेकांना टोमॅटो-बटाट्याने काही होत नाही, उलट त्यात पोषण आहे. पण काही जणांना त्रास होतो आणि तो खरा असतो, आणि तो स्वतःला होतो की नाही हे बघायचा एकच मार्ग आहे, काही आठवडे पूर्ण बंद करा आणि मग एकेक परत आणा.

लोक सोलॅनिन सोलॅनिन करून घाबरवतात म्हणून तेही जरा. बटाट्यात सोलॅनिन आणि चॅकोनिन नावाची द्रव्यं असतात, झाडाची ती स्वतःच्या बचावाची सोय असते, किडीपासून वाचायला. चांगल्या बटाट्यात ती इतकी कमी असतात की काही होत नाही. पण हिरवा पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा असेल तर सालीजवळ आणि कोंबात ती खूप वाढतात, आणि उकडून किंवा तळून जात नाहीत. त्यामुळे तुम्ही नाईटशेड खा नाहीतर सोडा, हिरवा बटाटा टाकून द्यायचा, आणि बटाटे उजेडात ठेवायचे नाहीत. मिरचीचं प्रकरण वेगळं, तिच्यात कॅप्सायसिन, जे आपल्या शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, म्हणून तोंड खरोखर भाजल्यासारखं होतं. हा रिसेप्टर शोधला म्हणून डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आणि गंमत बघा, हेच कॅप्सायसिन दुखऱ्या सांध्यावर लावायच्या मलमातही वापरतात. म्हणजे मिरची म्हणजे विष आणि मिरची म्हणजे औषध असं सरळसोट काही नसतं.

असो. आता स्वयंपाक.

बटाटा, टोमॅटो, वांगं सोडणं त्यामानाने सोपं आहे, एक भाजी नाही तर दुसरी. खरी अडचण मिरचीची, कारण ती आपण भाजी म्हणून खातच नाही, ती सगळ्याच्या आत असते. फोडणीत, मसाल्यात, चटणीत, लोणच्यात, कोशिंबिरीत, ताकात. सुरवातीला मी नुसती मिरची वगळून सगळं तसंच करत होते आणि जेवण इतकं बेचव व्हायचं की नवरा काही न बोलता उठून लोणच्याची बरणी घेऊन यायचा. एक दिवस सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, आमटी चाखली आणि म्हणाल्या, "अगं, आपण श्राद्धाला काय करतो? मिरी घाल की. आणि आलं." मी म्हटलं, "आई, ते वर्षातून एकदा ना." तर म्हणाल्या, "मग तेवढं एकदाच चांगलं लागतं का? तू तर तेव्हा आमटी मागून घेतेस."

आमच्याकडे (सासर रत्नागिरीकडचं) श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची नसते, टोमॅटो नाही, बटाटा नाही, वांगं नाही, फ्लॉवर कोबी नाही. लाल भोपळ्याची भाजी, गवार, भेंडी, कारलं, अळूची पातळ भाजी, आमसुलाची चटणी, आल्याची चटणी, उडदाचे वडे, खीर. सगळं तिखट आहे, आंबट आहे, चवदार आहे. म्हणजे मी नेटवर जे नाईटशेड फ्री रेसिपी म्हणून शोधत होते ते अख्खं पानच्या पान आमच्याच घरात दरवर्षी वाढलं जात होतं. आणि ते साहजिक आहे, मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, बटाटा-टोमॅटो घरोघरी पोचायला तर अजून बराच काळ गेला, त्याआधी शेकडो वर्षं इथली माणसं जेवतच होती आणि तिखटही खात होती. मिरी, पिंपळी, सुंठ, आलं, मोहरी, कोकणात तिरफळ. हा सगळा सरंजाम आपल्याकडे आहे, फक्त मिरची इतकी स्वस्त आणि इतकी सोयीची पडली की बाकीचे मागच्या फळीवर गेले.

मिरीबद्दल एक गोष्ट मला कळायला वेळ लागला ती सांगते. मिरची फोडणीत घालून अर्धा तास उकळलं तरी तिचा तिखटपणा टिकतो, मिरीचं तसं नाही, जास्त शिजली की वास उडून जातो आणि नुसता कडवटपणा राहतो. म्हणून मिरी भरड कुटून, गॅस बंद करायच्या आधी एखाद मिनिट घालायची आणि झाकण ठेवायचं. अख्खी मिरी कडकडीत तेलात टाकू नका, फुटून अंगावर उडते. आणि दोन्हीचा तिखटपणा वेगळ्या जागी लागतो, मिरची जिभेवर आणि ओठांवर बसून राहते, मिरी घशात लागते आणि निघून जाते, त्यामुळे पोह्यात आणि उपम्यात मिरी मस्त, पण ज्या पदार्थात तिखट रेंगाळायला हवं, म्हणजे आमटी, उसळ, तिथे मिरीबरोबर पिंपळी थोडीशी घालते. पिंपळी काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, लांबट, खरखरीत, कुटायला जरा चिवट. तिचा तिखटपणा उशिरा येतो, आधी किंचित गोडसर लागतं आणि मग मागून चढतं. थोडीच घाला, जास्त झाली तर सगळ्याला औषधाचा वास येतो.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे फेसलेली मोहरी. फोडणीतली मोहरी तिखट लागत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण तीच मोहरी कच्ची वाटून पाण्यात फेसली की नाकातून डोक्यात जाते. कारण दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि तेव्हा तो झणका तयार होतो, गरम तेलात ते एन्झाइमच मरून जातं. मी मोहरीची डाळ घेते, चमचाभर पुरते, खलबत्त्यात थोडी बारीक करते, मग वाटीत घेऊन थेंब थेंब गार पाणी घालत चमच्याने एकाच दिशेने घोटत राहायचं. आधी काहीच होत नाही, नुसती पिवळी पेस्ट. मग रंग फिका व्हायला लागतो, हलकी होते, कडेला बारीक फेस दिसतो आणि वाटीवर वाकून वास घेतला की डोळ्यात टचकन पाणी येतं, की समजायचं झाली. त्यात दही, मीठ, थोडी साखर, आणि काकडी किंवा पिकलं केळं. ही कोशिंबीर पानात असली की मला मिरचीची आठवणसुद्धा येत नाही. लाल भोपळ्याच्या दह्यातल्या भरतातही तीच घालते. लगेच खायची मात्र, ठेवून दिली तर झणका कमी होतो आणि कडू लागायला लागते. हाताने घोटायचं मला सगळ्याच दिवशी जमत नाही, बोटं दुखत असतील तेव्हा मुलगा करून देतो, त्याला तो वास घेऊन बघायला आवडतं.

आता घरच्या बाकीच्यांचं. नवरा कोल्हापूरला वाढलेला, म्हणजे मूळचे आम्ही कोकणातले पण वडिलांच्या नोकरीमुळे त्याचं बालपण तिकडचं, त्याला तांबडं तिखट हवंच. मुलाला ठेचा हवा. मी त्यांना सांगणार नाही की तुम्हीही सोडा, त्यांना काही त्रास नाही तर त्यांनी का सोडायचं. मग आम्ही एक गोष्ट बदलली आणि तिनेच सगळं सुटलं: मिरची पातेल्यातून काढली आणि पानात डावीकडे नेली. आपल्या पानाची रचनाच तशी आहे, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यायचं. मग तिखटही तिकडेच. एक पातेलं वरण, एक भाजी, सगळ्यांसाठी एकच, मिरी-आल्याची. आणि टेबलावर ठेचा, तळलेल्या मिरच्या, सांडगी मिरची, लसणीची लाल चटणी. आमटी किंवा उसळ असेल त्या दिवशी छोट्या कढल्यात तेल, हिंग आणि गॅस बंद करून लाल तिखट, अशी एक तर्री करून बाजूला ठेवते, ज्याला हवी त्याने वाटीत वरून ओतून घ्यायची. नागपूरकडे गोळाभातावर फोडणीचं तेल पानातच घेतात ना, तसंच. नवऱ्याचं म्हणणं असं की यामुळे त्याला उलट जास्त तिखट खायला मिळतं, आधी आईंच्या आणि मुलाच्या हिशोबाने बेताचं असायचं.

फक्त चमच्याचं सांभाळायला लागतं. ठेच्याचा चमचा भाजीत गेला की संपलं. सासूबाईंनी त्यासाठी तिखटाच्या सगळ्या वाट्या एका पितळी ताटलीत ठेवायची पद्धत पाडली, ताटली फिरते, चमचे ताटलीतच राहतात.

मसाल्यांचं काय? गोडा मसाला आमचा घरचा असतो, त्यात एरवी थोड्या लाल मिरच्या पडतात. आता पाव किलो धण्याला शंभर ग्रॅम सुकं खोबरं, पन्नास ग्रॅम तीळ, पंचवीस जिरं, पंचवीस मिरी (हीच मिरचीच्या जागी), दहा दहा ग्रॅम दगडफूल आणि शहाजिरं, मग दालचिनी, लवंग, मसाला वेलची, नागकेशर, तमालपत्र थोडं थोडं, हळकुंड आणि हिंगाचा खडा तळून. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, खोबरं शेवटी आणि अगदी तांबूस होईपर्यंत, कारण मिरची नाही म्हटल्यावर रंग खोबऱ्याच्या भाजण्यातूनच यायचा असतो. मिरची नसल्याने मसाला गोडसर होईल असं मला वाटलं होतं पण दगडफूल आणि नागकेशराचा वास एवढा वर आला की आता सासूबाई म्हणतात पुढच्या वेळेपासून सगळ्यांचाच असा करू.

टोमॅटोची जागा आंबटाने घ्यायची, आणि आंबटाचं दुकान आपल्याकडे केवढं मोठं आहे! आमसूल, चिंच, कैरी, आमचूर, ताक, लिंबू, आवळा, अंबाडी, चुका, कोकणात बिंबलं. मला वाटतं टोमॅटो आल्यापासून आपण सगळ्या भाज्यांना एकाच चवीचं आंबट करून टाकलंय. डाळीला आमसूल, अळूला चिंच, पालकाला ताक, तुरीच्या वरणाला कैरी असं वेगवेगळं असायचं ते परत आणलं की जेवण कंटाळवाणं होतच नाही. दाट लाल रस्सा हवा असेल, पावभाजी किंवा पनीरसाठी, तर लाल भोपळा आणि गाजर वाफवून त्यात बीटचा छोटा तुकडा आणि चिंचेचा कोळ घालून मिक्सरमधून काढायचं. बीट मोजून घाला, जरा जास्त झालं की सगळं गुलाबी होतं आणि मुलं ताटाला हात लावत नाहीत. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी, ती जैन पावभाजीत असतातच, आणि वर लोणी, कांदा, लिंबू, मिरपूड. मी खोटं सांगणार नाही, ती हुबेहूब चौपाटीच्या पावभाजीसारखी लागत नाही. पण चांगली लागते. मिसळ मात्र मी सोडून दिली, मिसळीची तर्री ही मिरचीचीच असते, तिचं काही दुसरं करून समाधान होत नाही, त्यापेक्षा मटकीची उसळ वेगळा पदार्थ म्हणून खावी.

बटाट्याबद्दल फार लिहायला नको. सुरण, रताळं, अरवी, कोनफळ, कच्चं केळं, नवलकोल, सगळं आहे. सुरण चिंच किंवा आमसूल घालून उकडायचं म्हणजे घसा खाजत नाही. कोनफळाची भजी एकदा खाल्ली की बटाट्याची आठवण येत नाही, आतून जांभळी आणि मऊ. उपासाला रताळ्याचा कीस, वरी, दाण्याची आमटी, फक्त हिरव्या मिरचीऐवजी आलं-मिरी. उपासाला लोक उलट जास्तच बटाटा खातात त्यामुळे एकादशीला कुणाकडे जाणार असाल तर आधी सांगून ठेवा.

वांग्याचं मला मनापासून वाईट वाटलं. माझं माहेर जळगावचं आहे, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे हे मी उगाच सांगत नाही, हिवाळ्यात तुराट्यांवर भाजलेली ती हिरवी पांढरट वांगी, त्यावर कांद्याची पात, आणि कळण्याची भाकरी, हे ज्याने खाल्लंय त्यालाच कळेल. पण वांगं सोडणं आपल्याला अनोळखी नाही. कितीतरी घरांत आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर वांगं-कांदा खाऊन चातुर्मासात ते बंद करतात आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग परत सुरू. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने वांग्याशिवाय राहणं ही आपली जुनी सवय आहे. आणि वांगं खाल्लं की तोंड खाजतं, अंगावर उठतं असं म्हणणारी एखादी आत्या मावशी प्रत्येक घरात असते, तिला नाटकं करते म्हणू नका. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्नसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये वांग्याच्या अ‍ॅलर्जीवर पाहणी प्रसिद्ध केली होती, त्यात ती बायकांमध्ये जास्त आढळली होती. भरल्या वांग्याचा तोच दाणे-तीळ-खोबऱ्याचा मसाला मी दोडक्यात, कारल्यात, भेंडीत भरते. कोवळ्या दोडक्याचे जाड तुकडे चिरा देऊन भरले आणि झाकणावर पाणी ठेवून शिजवले तर रस अगदी तस्साच सुटतो.

आणि भाद्रपदात ऋषीपंचमीची भाजी! अळू, लाल भोपळा, सुरण, दोडका, भेंडी, माठ, मक्याचं कणीस, चिंच, मसाला जवळजवळ नाहीच. मी ती आता वर्षभर कधीही करते, जे मिळेल ते घालून.

आता लपलेल्या गोष्टी, इथे खरी नजर लागते. पाकिटावर नुसतं मसाले किंवा स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स लिहिलेलं असेल तर आत मिरची आहे असंच धरून चाला. कलरमध्ये १६०सी असा आकडा असेल तर तो पापरिकाचा, म्हणजे लाल मिरचीचा अर्क, तो चीजमध्ये, चिप्समध्ये, बिस्किटातही सापडतो. १६०डी म्हणजे लायकोपीन, ते टोमॅटोमधलं असू शकतं. स्टार्च लिहिलं असेल तर तो मक्याचा की बटाट्याचा हे बघायचं. चाट मसाला, फरसाण, भाकरवडी, मसाला ओट्स, सगळ्यात मिरची. बेकिंग पावडरमध्येही स्टार्च असतो, तो कशाचा ते बघा. हिंग, साबुदाणा यांची काळजी नको.

आणि अश्वगंधा. सांधे दुखतात म्हटल्यावर पहिला माणूस अश्वगंधा सांगतो, मलाही आमच्या काकूंनी प्रेमाने डबी आणून दिली होती. पण ती याच कुळातली आहे, आणि दशमुळातली बृहती आणि कंटकारी म्हणजे आपली डोरली आणि रिंगणीच, त्याही याच कुळातल्या. बऱ्याच च्यवनप्राशांत हे दोन्ही असतं. आयुर्वेदाशी माझं काही भांडण नाही, पण तुम्ही चाचणी म्हणून सगळं बंद केलेलं असेल आणि रोज सकाळी चमचाभर च्यवनप्राश चालू असेल तर चाचणी झालीच नाही. वैद्यांना आधी सांगा, ते दुसरं देतात.

चाचणी कशी करायची? तीन-चार आठवडे पाचही गोष्टी पूर्ण बंद, अगदी चिमूटभर नाही. रोज वहीत लिहायचं, सकाळी बोटं किती वेळाने उघडली, झोप कशी झाली, पोट कसं आहे. मग एकेक परत, एका वेळी एकच, नेहमीच्या प्रमाणात, आणि पुढची गोष्ट आणायच्या आधी काही दिवस थांबायचं. माझ्या बाबतीत बटाट्याने काहीच झालं नाही, दोन-तीनदा करून बघितलं, तरी नाही. म्हणजे मी अजूनही फार खात नाही पण लग्नात बटाट्याची भाजी आली तर घेते, त्यातल्या मिरच्या आधीच काढायला सांगितल्या असतील तर. टोमॅटो शिजवलेला थोडा चालतो. लाल तिखट आणि वांगं यांनी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटं आखडतात, आणि हे वहीत इतक्यांदा आलंय की मला आता परत तपासून बघायचं नाही. तुमचं वेगळं निघेल. माझ्या एका मैत्रिणीने हेच सगळं केलं आणि तिला काहीही फरक पडला नाही, तिने आनंदाने परत भरली वांगी सुरू केली, आणि हेही तितकंच चांगलं उत्तर आहे. उगीच आयुष्यभर बंद करून बसायला काय अर्थ? टोमॅटो, ढोबळी मिरची बंद असेल तोपर्यंत पेरू, आवळा, लिंबू, मोसंबी यातलं काहीतरी रोज पोटात जाऊ द्या, क जीवनसत्त्व तिथून मिळतं.

बाहेर जेवायचं म्हणजे अवघड आहे, पण अशक्य नाही. साउथ इंडियन हॉटेलात वेण पोंगल, म्हणजे त्यांची तांदूळ-मूगडाळीची खिचडी, मिळालं तर उत्तम, ते मिरी-जिरं-आल्याचंच असतं, फक्त हिरवी मिरची घालत नाही ना विचारायचं. मेदूवडा मिरीचा असतो कधीकधी, सांबार नको. जैन पदार्थ मागितला की बटाटा आणि वांगं जातं पण टोमॅटो-मिरची राहते, त्यामुळे जैन म्हणून निश्चिंत होऊ नका. पर्समध्ये एका छोट्या डबीत भरड मिरपूड, सुंठ आणि सैंधव एकत्र करून ठेवते, कुठेही दहीभात मिळाला की जेवण होतं. लग्नकार्यात वरण-भात-तूप-लिंबू, अळूचं फदफदं, मठ्ठा, जिलबी, पुरी, बिनमिरचीची काकडीची कोशिंबीर, बस्स होतं की. घरचं कार्य असेल तर मी आचाऱ्यांना दोन दिवस आधी फोन करते आणि अळूत मिरची घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढून ठेवा एवढंच सांगते, आजपर्यंत एकाही आचाऱ्याने नाही म्हटलेलं नाही, एकाने तर स्वतःहून विचारलं होतं, "ताई, त्यात मिरी कुटून घालू का?"